मीटर 42 हजारांवर, गाडी सव्वा लाखाच्या पुढं

आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, लातूरला. औशाहून एसटीनं नेता-आणताना तिचे हाल बघवत नव्हते, म्हणून मागच्या दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे हाती आले तसं जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. छत्रपती संभाजीनगरच्या एका डीलरकडं पुणे पासिंगची पांढरी डिझेल गाडी पसंत पडली. "भाऊ, डॉक्टरची गाडी आहे, एकहाती चाललेली. 42 हजारच फिरलीय." व्यवहार 3 लाख 60 हजारांना ठरला. दोन लाख खात्यावरून पाठवले, बाकीचे रोख दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "नावावर झाली की देतो." वर एका छापील कागदावर माझी सही घेतली: गाडी आहे त्या स्थितीत घेतली, नंतर तक्रार चालणार नाही.

तीन आठवड्यांत गाडी काळा धूर ओकायला लागली. आमच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरकडचं दार उघडलं आणि ब्रेकच्या पॅडलकडं बोट दाखवलं. रबर झिजून मधोमध लोखंड चमकत होतं. "42 हजारांत असं होत नसतंय," तो म्हणाला. दाराच्या खांबावर ऑइल बदलल्याचं अर्धवट खरवडलेलं स्टिकर होतं. पुढच्या सर्व्हिसचा पेनानं लिहिलेला आकडा अजून वाचता येत होता: 1,28,000. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिला, तर त्यांच्याकडं 2022 सालचीच नोंद 1,17,640 किलोमीटरची निघाली. मीटर मागं फिरवलं होतं.

डीलरला फोन केला. "सही केलीय ना? जा कुठं जायचं तिथं." त्या सहीच्या भीतीनं मी महिनाभर गप्प बसलो. याचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते, कारण त्या कागदात तेवढा दम नव्हताच. वकिलांनी समजावलं की खोटं सांगून मिळवलेली संमती करार कायद्याच्या कलम 19 प्रमाणे रद्द ठरवून घेता येते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 जुन्या वस्तूलाही लागू आहे. मालाबद्दल खोटी माहिती देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणं हीसुद्धा.

आधी रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही, तेव्हा लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. नव्या कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळं तारखेसाठी संभाजीनगरच्या चकरा वाचल्या. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, आयोगानं वाढवून दिले तर आणखी 15, त्यापुढं नाही. आयोगाचा आदेश पाळला नाही तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

पोलीस ठाण्यात "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून परत पाठवलं. तरी लेखी अर्ज देऊन पोच घेतली आणि तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवला. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये गुन्हा आहे, तोंडी नकारावर थांबू नका. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. पैसे काढण्याआधी ते दाखवायला सांगा. माझ्या डीलरकडं ते नव्हतंच, म्हणून आरटीओकडंही अर्ज दिलाय.

गाडी बघायला जाल तेव्हा चेसिस नंबरचा फोटो काढा आणि सर्व्हिसची नोंद हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका. एमपरिवहन ॲपवर कितवा मालक आणि कर्जाचा बोजा दिसतो, किलोमीटरचा हा घोळ तिथं कळत नाही.

आयोगात डीलरनं लेखी उत्तर दिलं: मीटर आधीच्या मालकानं फिरवलं असेल. त्या मालकाचा पत्ता आरसीवरून काढून मी पत्र लिहिलं. भला माणूस. गाडी याच डीलरला देताना काढलेला मीटरचा फोटो त्यांनी तारखेसह पाठवला आणि शपथपत्र द्यायलाही तयार झाले. फोटोत आकडा आहे 1,31,212. पुढच्या तारखेला तो दाखल करतोय.