एक पावसाळा, बारा हजार किलोमीटर: ओल्या रस्त्यासाठी घेतलेल्या टायरांचा अनुभव

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. वळवाचा पाऊस सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. बुटीबोरीहून नागपूरला घरी येत होतो. वर्धा रोडवर चिंचभवनच्या अलीकडे समोरचा पाण्याचा टँकर थांबला, मीही ब्रेक दाबला. वेग साठच्या आत. एबीएसने, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेने, पायाखाली धडधड सुरू केली, पण गाडी थांबायचं नाव घेईना. टँकरच्या मागच्या नळातून गळणारं पाणी माझ्या बॉनेटवर पडायला लागलं, तेव्हा कुठे थांबली. मागच्याने ठोकलं नाही हे नशीब.

घरी आल्यावर डेप्थ गेज, म्हणजे खाचांची खोली मोजायची पट्टी, लावून बघितलं. पुढच्या टायरांच्या खाचा अडीच मिलिमीटर, मागच्या तीन. गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, १.५ लिटरची, २०२२ ची. टायर गाडीसोबत आलेलेच, ३८ हजार चाललेले. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, म्हणजे आरटीओच्या लेखी माझे टायर ठणठणीत होते. कोरड्या रस्त्यावर खरंच काही वाटत नव्हतं. पण ओल्या रस्त्याचा हिशेब वेगळा. टायरच्या खाचा म्हणजे नाल्या. चाक फिरताना खालचं पाणी त्यांतून बाजूला गेलं, तरच रबर रस्त्याला टेकतं. नाली उथळ आणि पाणी जास्त झालं की काय होतं, हे २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र, अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं ती, पाहिलेल्या नागपूरकराला समजावून सांगायला नको.

पुढच्या रविवारी पुन्हा सर आली, तेव्हा एक उद्योग केला. आमच्या कारखान्यामागे सिमेंटचा एक सरळ, बंद रस्ता आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे कुत्रंही फिरकत नाही. सिमेंट रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे असतात. टेप लावून बघितलं, एक पॅनेल साडेचार मीटरचं निघालं. एका सांध्यावर साठच्या वेगात पूर्ण ब्रेक मारायचा आणि किती पॅनेल गेले ते मोजायचे. तीन वेळा केलं, सरासरी पावणेसहा. म्हणजे जवळपास २६ मीटर. आकडा वहीत लिहून ठेवला. (चालत्या रस्त्यावर हे करू नका. आमच्या वॉचमनने मला अजून माफ केलेलं नाही.)

मग टायर शोधायला लागलो. खरं सांगतो, मनात मिशेलिनचे पायलट स्पोर्ट ४ होते. दीडशे पीएस ताकदीची गाडी आहे, तिला शोभतील असे. ऑफिसमधला मित्र तर म्हणाला, सोळा इंची कशाला ठेवतोस, सतराचे अलॉय टाक, रुंद टायर बसव, गाडी रस्त्याला चिकटून बसेल. कोरड्यात त्याचं म्हणणं बरोबर. पण रुंद टायरला तेवढं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि गाडीचं वजन तेच असल्यामुळे टायर पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. माझी अडचण पाण्याची होती, दिसण्याची नव्हती. साइज गाडीला आहे तोच ठेवला, २०५/५५ आर १६.

शेवटी यादीत तीन नावं राहिली: मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ आणि योकोहामा ब्ल्यूअर्थ-जीटी एई५१. तिन्ही तशी लांब पल्ल्याची, आरामाची टायर. स्पोर्ट टायर मी का सोडले? माझी गाडी रोज पन्नास किलोमीटर मनीषनगर ते बुटीबोरी अशी चालते, रेस ट्रॅकवर नाही. स्पोर्ट टायर पावसात वाईट असतात असं मुळीच नाही, चांगले स्पोर्ट टायर ओल्यातही जबरदस्त धरतात. पण त्यांचं मऊ रबर आमच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आणि सिमेंटवर किती टिकेल, आणि दोन वर्षांनी खाचा पुन्हा उथळ झाल्यावर मी त्याच टँकरमागे उभा असेन का, हा प्रश्न होता. ओल्या पकडीसाठी हल्ली रबरात सिलिका घालतात, तशी ती या तिन्हींत आहेच. रस्त्याचे बारीक खडबडीत कण धरायला आणि तरीही टायर जड चालू नये म्हणून तिचा उपयोग होतो. युरोपात टायरवर लेबल असतं, त्यात ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई अशी लिहिलेली असते. आपल्याकडे ग्राहकाला तसं थेट काही दिसत नाही, म्हणून मी त्या लेबलांचा आधार घेतला. मात्र तिथे विकलं जाणारं टायर आणि इथलं टायर एकाच नावाचं असलं तरी एकच असेल असं नाही, एवढं लक्षात ठेवून.

पहिल्या दुकानातला किस्सा सांगायलाच हवा. भाव ठरला, टायर काढून आणले, मी वाकून बाजूचे आकडे वाचले. डीओटीच्या पुढचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. तिथे होतं ३१२३. दोन वर्षांचा माल.

"भाऊ, हे २०२३ चे आहेत."

"मग काय झालं? टायर काय दूध आहे का, नासायला?"

"नासत नाही, पण किंमत ताज्याचीच लावून राहिलात न?"

"तुम्ही लोकं यूट्यूब बघून येता अन् डोकं खाता."

नीट सावलीत ठेवलेलं दोन वर्षांचं टायर वाया गेलेलं नसतं, हे मलाही मान्य. पण टायर वयानेही कडक होतं, चाललं नाही तरी. माझं टायर चार वर्षं चालणार असेल, तर त्यातली दोन दुकानाच्या माळ्यावर का घालवू? २०२० पासून बाहेरून येणाऱ्या टायरांच्या आयातीवर सरकारी बंधनं आहेत, त्यामुळे काही साइज मिळायला वेळ लागतो आणि जुना माल पडून राहतो, हे त्यानेच बोलता बोलता सांगितलं. नमस्कार केला आणि निघालो. दुसऱ्या दुकानात प्रायमसीचे ०९२५ चे चार नग निघाले. नवतपा संपता संपता, जूनच्या पहिल्या आठवड्यात बसवले. टायरचे ४१ हजार, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट वेगळं. त्यानंतर २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. हिशेब केला, माझे तीन हजारांच्या वर वाचले असते. बायकोला अजून सांगितलेलं नाही. पण पावसाळा टँकरमागे काढण्यापेक्षा तीन हजार गेलेले बरे.

पहिले तीनशे किलोमीटर जपून चालवलं. नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला चिकट थर असतो, तो झिजेपर्यंत पकड पूर्ण येत नाही. मग जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि एका रविवारी पुन्हा कारखान्यामागे. तोच रस्ता, तोच वेग, तोच वैतागलेला वॉचमन. यावेळी सव्वाचार पॅनेल. १९ मीटर. म्हणजे सात मीटर कमी, माझ्या गाडीच्या लांबीच्या दीडपट. हे काही शास्त्र नाही, पाण्याचा थर दोन्ही दिवशी सारखा नसणार, आणि झिजलेल्या टायरची तुलना नव्याशी म्हणजे नव्याला फायदा आहेच. कोणताही बरा नवा टायर घेतला असता तरी बरेच मीटर वाचले असते. पण एवढं कळलं, की मे महिन्यात टँकरच्या आणि माझ्या मध्ये जे नव्हतं ते हेच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शाळांना सुट्टी द्यावी लागली तो पाऊस आठवत असेल. त्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो (बॉसला सुट्टी नव्हती). डबल डेकर पुलाखाली पाणी साचलेलं, सिमेंट रस्ता आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यामधली उंची पाण्यात दिसत नव्हती. अशा ठिकाणी एका बाजूची चाकं पाण्यात आणि दुसरी कोरड्यात गेली की जुन्या टायरवर स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं व्हायचं. आता ओढ जाणवते, पण गाडी रेषा सोडत नाही. सगळ्यात मोठा फरक हाच, ब्रेकपेक्षाही. चौकात सिग्नल सुटल्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायची, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकायचा, तेही जवळपास बंद झालं. अर्थात नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी भरलं की मी आजही गाडी वळवतो. तिथे पकडीचा प्रश्नच नसतो, इंजिन पाणी पितं.

एकदा मात्र या टायरांवरही दचकलो. सप्टेंबरमध्ये समृद्धीने शिर्डीला गेलो. वाशिमच्या पुढे जोराची सर आली, मी शंभरवर होतो. एका उताराच्या पायथ्याशी पाण्याचा पातळ पडदा साचलेला. एका क्षणात स्टिअरिंग हलकं झालं, अगदी लोण्यात फिरतंय असं, आणि इंजिनचा आवाज किंचित चढला. टायर पाण्यावर तरंगले होते. ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं, पाय ॲक्सिलेटरवरून सावकाश काढला. सेकंदाच्या आत पकड परत आली. मागच्या सीटवर आई झोपली होती, तिला कळलंही नाही.

परत आल्यावर नासाचं एक जुनं सूत्र सापडलं, विमानं पाणी साचलेल्या धावपट्टीवर उतरतात त्यावरून काढलेलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं, म्हणजे पीएसआयच्या आकड्याचं, वर्गमूळ काढून १०.३५ ने गुणलं की टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगायला लागेल ते ताशी मैलांत येतं. माझी हवा ३३, म्हणजे साधारण ९६ किलोमीटर. कारच्या खाचा असलेल्या टायरला हे जसंच्या तसं लागू होत नाही, पाणी किती खोल आणि खाचा किती खोल यावर बरंच बदलतं, पण मी शंभरला तरंगलो होतो हे खरं. आणि हवा २५ केली तर तोच आकडा ८३ वर येतो. आमच्या गल्लीतले पंक्चरवाले भाऊ दरवर्षी सांगतात, "पावसात दोन-चार पॉइंट हवा कमी ठेवा, पकड वाढते." चिखलात, शेतात ठीक आहे. डांबरावर आणि सिमेंटवर उलटंच होतं. आता समृद्धीवर पाऊस लागला की पाटीवर १२० असलं तरी मी ऐंशीवर येतो. मागून दिवे मारणाऱ्यांना मारू द्या.

न आवडलेलं सांगतो. पोळ्याच्या सुट्टीत चिखलदऱ्याला गेलो होतो. परतवाड्याहून घाट चढताना वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली, यात एक अर्धा श्वास जातो. आधीचे टायर जास्त ताठ होते, वळणात मजा यायची. हे आरामाचं टायर आहे, त्याची बाजू मऊ आहे, आणि मी ते जाणून घेतलंय. तरी जीटीचा बिल्ला मागे लावून फिरणाऱ्याला थोडं चुकल्यासारखं होतं. ज्यांना घाटच चालवायचे आहेत, त्यांनी वर खोडून काढलेले पायलट स्पोर्ट पुन्हा यादीत घ्यावेत. आवाज डांबरावर छान कमी. सिमेंटवर मात्र कोणतंच टायर गप्प बसत नाही, आणि नागपुरात आता डांबर शोधावं लागतं. मायलेज आधीही साडेतेरा-चौदा होतं, आताही तेवढंच.

झीज: १२ हजार किलोमीटर झाले. सुरुवातीला खाच सात मिलिमीटरच्या थोडी वर होती, आता चारही चाकांवर सहाच्या आसपास. दिवाळीत पुढची मागे, मागची पुढे केली. ऑक्टोबरमध्ये एका खड्ड्याने अलाइनमेंट बिघडवली, ती वेळीच करून घेतली, नाहीतर आतली कड खाल्ली गेली असती. या वेगाने तीन मिलिमीटरला यायला अजून दोन वर्षं तरी जातील. त्या पावसाळ्याआधी बदलेन, १.६ ची वाट बघणार नाही.

माझा मेव्हणा परवा विचारत होता, बजेट कमी आहे, दोनच नवे घेतले तर चालतील का. चालतील. "मग पुढे लावतो, इंजिन पुढे, ओढ पुढे." मी म्हटलं, नवे मागे लाव. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की सावरता येतं. मागची घसरली तर गाडी गोल फिरते, आणि ते सावरायला आपल्यापैकी कोणी शिकलेलं नाही. त्याला पटलं नाही. दुकानदारालाही पटलं नाही. दोघांनी मिळून पुढेच लावले.

आता मार्च लागलाय, ऊन चढायला लागलंय. हवा दर पंधरवड्याला सकाळी, गाडी काढायच्या आधी, दारावरच्या स्टिकरवर आहे तेवढीच भरतो. मेव्हण्याच्या गाडीत जूनपर्यंत बसायला हरकत नाही.