महालातली वंशावळ आणि दप्तर सेवा: कागदांसाठी उत्तम, साडीसाठी नाही

घरातली दप्तरे, फोटो, सनदा नीट लावून त्यावरून वंशावळ तयार करून देणारी ही नागपूरच्या महाल भागातली सेवा कागदांसाठी बेलाशक घ्यावी. दप्तर बांधलेला रुमाल सोडण्याआधी कुठला कागद कशाखाली होता याचे फोटो काढतात, प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने क्रमांक टाकतात. तारीख नसलेल्या पावतीचा काळ बहुतेकदा शेजारच्या कागदावरूनच ठरतो, त्यामुळे हे काम सर्वात मोलाचे.

मोडीचे लिप्यंतर ओळीला ओळ मिळते. न लागलेले अक्षर मोकळे सोडतात, अंदाजाने भरत नाहीत. मूळ सन तसाच ठेवून शेजारी इसवी सन देतात: शकात ७८, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९ मिळवून. महिन्यानुसार एक वर्ष पुढेमागे होते, तेही नोंदवतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे दोन पिढ्यांची एकच व्यक्ती होऊन बसते. म्हणून कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ताडल्याशिवाय नाव जोडत नाहीत.

शाई पसरते का ते पाहायला दुरुस्तीआधी तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून टिपकागद लावतात. बोरूची काजळी शाई कागद खात नाही, पण ओलीने पसरते. लोहयुक्त शाई कागद खाते आणि तो अक्षराच्या रेषेवरच फाटतो. फाटलेल्या कडांना जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नाही, हे फार बरे.

स्कॅन कागदांचे ४०० डीपीआय, फोटोंचे ६००. मात्र हातात जेपीईजी ठेवतात. तपशील न गमावणाऱ्या टिफ फाइली मागून घ्या, पैसे देण्याआधी स्वतःच्या हार्ड डिस्कवर उघडून पाहा.

जरीची साडी इथे देऊ नये. ती घडी घालूनच डब्यात परत येते आणि जरीची तार घडीवरच तुटते. आम्लरहित कागद मध्ये घेऊन जाड नळीवर सैल गुंडाळायला हवी.

पेटी आम्लरहित पुठ्ठ्याची, सोबत सिलिका जेल. आर्द्रतामापक मात्र देत नाहीत, तो स्वतः घ्या. नागपूरचा उन्हाळा कोरडा असला तरी कूलरच्या खोलीत हवा दमट होते, आणि लगेच पावसाळा. या चढउतारात कागद आकसतो, फुगतो, फोटो काचेला चिकटतो. पेटी कूलरच्या खोलीत किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आर्द्रतामापकाचा काटा ६० टक्क्यांच्या वर राहू लागला की जेल बदला.