विंचेस्टर 94 की मार्लिन 336: लिव्हर-अ‍ॅक्शन घेताना आधी सन बघा

जॉन मोझेस ब्राउनिंगने रचना केलेली विंचेस्टर मॉडेल 94 बाजारात आली 1894 साली. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी थर्टी-थर्टी काडतूस आलं. धूर न करणाऱ्या दारूवर चालणारं, अमेरिकन शिकाऱ्यांसाठी बनवलेलं ते पहिलं लहान कॅलिबरचं काडतूस. तेव्हापासून या एका मॉडेलच्या 70 लाखांहून जास्त रायफली बनल्या. बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे कडेची मूठ उचलून मागे-पुढे सरकवून भरायची रायफल, जास्त अचूक आहे, जास्त लांब मारते आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडते. तरीही पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, मेनच्या जंगलांत नोव्हेंबर उजाडला की लिव्हरवाल्या, म्हणजे चापाखालची मूठ खाली-वर करून पुढचं काडतूस भरायच्या, रायफली कपाटातून बाहेर निघतातच.

त्याचं कारण त्या जंगलातच आहे. ओक आणि हेमलॉकच्या दाटीत व्हाइटटेल हरीण दिसतं ते बहुधा 100 यार्डांच्या आत, आणि उभं राहतं दोन-तीन सेकंद. अशा वेळी रायफल आखूड हवी, चपटी हवी, खांद्याला लावताच नेमावर यायला हवी, आणि पहिली गोळी चुकली तर खांद्यावरून न काढता दुसरी भरता यायला हवी. लिव्हर हे सगळं करते, आणि डावखुऱ्यालाही तेवढ्याच सहजतेने.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. त्यामुळे ही तुलना अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथे रीतसर हंटिंग लायसन्स काढलेल्या मराठी माणसांसाठी आहे. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात इतरांसारखाच फॉर्म 4473 भरायचा आणि पार्श्वभूमी तपासणी होऊ द्यायची. एच-वनसारख्या व्हिसावर असाल, तर संघीय कायद्याने बंदूक बाळगणंच निषिद्ध आहे. कोणत्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. म्हणून आधी लायसन्स, मग दुकान.

दोघींचा बांधा

दोन्ही रायफलींची नळी साधारण 20 इंचांची, दोन्हींत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात. फरक मधल्या पोलादी पेटीत, म्हणजे रिसीव्हरमध्ये आहे.

विंचेस्टर 94 ची लिव्हर खाली ओढली की रिसीव्हरचा तळही तिच्यासोबत खाली उतरतो. यंत्रणेला लागणारी जागा अशी उघडताना मिळते, म्हणून बंद रायफल एवढी चपटी राहू शकते. वजन 3 किलोच्या आतबाहेर. एका हाताने बरोबर मध्यावर धरली की बोटं रिसीव्हरभोवती पूर्ण वळतात आणि तोलही नेमका तिथेच असतो. दिवसभर टेकड्या चढणाऱ्याला याचं मोल दुपारनंतर कळतं.

मार्लिन 336 आली 1948 साली. तिचा वंश 1893 च्या मार्लिनपर्यंत जातो. हिचा रिसीव्हर वरून अखंड बंद, बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा सरकता भाग) गोल, रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर. वजन थोडं जास्त: जुन्या साधारण 3.2 किलो, आताची मालक कंपनी रूगरच्या कारखान्यातल्या नव्या 3.4 च्या आसपास. हातात ती भरीव लागते. 94 सारखी मुठीत मावत नाही, पण गोळी झाडताना खांद्यावर किंचित सौम्य बसते.

दुर्बीण लावायची आहे का?

हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारा, कारण इथे वाटा फुटतात. जुन्या 94 मधून रिकामं काडतूस सरळ वर उडतं. रिसीव्हरच्या डोक्यावर स्कोप बसवला तर ते त्यालाच आपटणार. मग स्कोप बाजूला बसवावा लागतो आणि रायफलचा सगळा तोल जातो, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही. 1980 च्या दशकात विंचेस्टरने अँगल इजेक्ट प्रकार आणला, ज्यात काडतूस तिरकं उजवीकडे पडतं. तेव्हापासूनच्या 94 वर स्कोप मधोमध बसतो. मार्लिनला ही अडचण कधी नव्हतीच.

चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना मागची खाच, पुढची माशी आणि हरीण असं तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाही. अशांनी मार्लिन घ्यावी आणि तिच्यावर 1 ते 4 पट किंवा स्थिर अडीच पटीचा छोटा स्कोप लावावा. 3 ते 9 पटीचा जाडजूड स्कोप या रायफलीवर ओझं आहे. स्कोप लावल्यावर अंगठा घोड्यापर्यंत, म्हणजे हॅमरपर्यंत, नीट पोहोचत नाही. त्यासाठी बाजूला निघणारा छोटा स्पर मिळतो, तो त्याच दिवशी बसवा. थंडीत हातमोजे घालून घोडा अंगठ्याखालून निसटला, तर गोळी सुटू शकते.

जुनी 94 च मनात भरली असेल, तर स्कोपचा हट्ट सोडा आणि रिसीव्हरवर पीप साइट लावा. छिद्रातून बघताना डोळा आपोआप मध्य शोधतो, आणि 100 यार्डांपर्यंत एवढं पुरेसं आहे.

साफसफाई

इथे मार्लिन सरळ जिंकते. रायफल रिकामी केल्याची खात्री करा: चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं तिथे, नजर टाका, नळकांड्याच्या तोंडाशी बोट घालून बघा. घोडा मागे ओढून ठेवा, लिव्हर अर्धी उघडा. लिव्हरचा एकच मोठा स्क्रू काढा, त्याच्या खाचेत नेमका बसणाऱ्या सपाट पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने. लिव्हर खाली निघते, बोल्ट मागे सरकून हातात येतो. या क्षणी डाव्या भिंतीतला इजेक्टर, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर फेकणारा तुकडा, सुटून आत पडतो, म्हणून खाली कापड अंथरून ठेवा. मग नळी साफ करायचा रॉड मागून, चेंबरकडून, घालता येतो. जोडताना इजेक्टर आधी त्याच्या छिद्रात बसवा, मगच बोल्ट. तो राहिला तर रिकामी काडतुसं आतच अडकतील.

94 चा बोल्ट काढायचा तर पिना आणि लिंक उलगडाव्या लागतात. ते घरच्या टेबलावरचं रोजचं काम नाही. त्यामुळे लोक नळीच्या तोंडाकडून रॉड घालतात, आणि वर्षानुवर्षं रॉड घासून तोंडाची कड झिजते. अचूकता तिथूनच बिघडते. त्यापेक्षा दोरीचा पुल-थ्रू चेंबरकडून ओढा.

अडकते कुठे?

दोन्ही रायफली अडकण्याचं पहिलं कारण माणूस असतो: लिव्हर अर्धवट ओढली जाते. ती पूर्ण पुढे टोकापर्यंत ढकलायची, तेवढ्याच जोराने मागे आणायची. हळुवारपणा इथे कामाचा नाही.

मार्लिनचा मात्र स्वतःचा एक जुना रोग आहे. लिव्हरची धारदार कड काडतूस उचलणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे कॅरियरच्या, पोटावर घासत राहते आणि तिथे खोबण पडते. मग कॅरियर वेळेवर जागेवर राहत नाही, नळकांड्यातून दुसरं काडतूस अर्धं निसटून त्याच्याखाली घुसतं आणि लिव्हर जाम होते. घेण्याआधी लिव्हर उघडून खालून टॉर्च मारा. खोल खोबण दिसली तर नवा कॅरियर आणि गनस्मिथची मजुरी किमतीतून वजा करूनच बोला. रायफल चांगली असेल, तर लिव्हरची ती कड वेळीच गुळगुळीत करून घेतली की हा त्रास टळतो.

94 भरताना बाजूच्या गेटची स्प्रिंग अंगठ्याच्या नखाजवळ चावते. काडतूस पूर्ण आत ढकलू नका. मागची कड गेटच्या तोंडाशीच राहू द्या आणि पुढच्या काडतुसाने ते आत सारा. शेवटचं तेवढं पूर्ण ढकलायचं.

सन का बघायचं

नावावर जाऊन रायफल घेणारा फसतो, कारण एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या रायफली आहेत.

विंचेस्टरने 1964 मध्ये खर्च कमी करण्यासाठी बनवण्याची पद्धत बदलली. कापून घडवलेल्या काही भागांऐवजी पत्र्याचे ठोकलेले भाग आले, आणि त्या काळातल्या रिसीव्हरला नीट ब्लूइंगही (पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक रंग) धरत नाही. म्हणून 27,00,000 च्या खालच्या सिरियल नंबरांना, म्हणजे 64 पूर्वीच्या रायफलींना, भाव जास्त. चालवायला 1964 नंतरची वाईट नाही. कमी भावात मिळाली तर ओढ्यात, पावसात न्यायला तीच बरी. 1992 पासून घोड्याजवळ आडवं सेफ्टी बटण आलं, 2003 पासून ते अंगठ्याखाली सरकलं. न्यू हेवनचा कारखाना 2006 मध्ये बंद झाला. 2010 पासून जपानची मिरोकू कंपनी 94 बनवते, आणि तिचं काम अतिशय नेटकं आहे.

मार्लिनचं गणित सोपं आहे. 1973 ते 2000 मधल्या रायफलीच्या सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे 2000 मधून वजा करा. 27 असेल तर 1973. त्यानंतरच्या काळासाठी 2100 मधून. नळीवर रिसीव्हरजवळ जेएम ठसा असेल तर ती जुन्या कारखान्याची. पुढे कंपनी रेमिंग्टनकडे गेली, उत्पादन हलवलं गेलं, आणि त्या स्थित्यंतराच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या रायफली तपासल्याशिवाय घेऊ नयेत: वाकडी बसलेली पुढची साइट, दस्ता आणि लोखंड यांत फट. 2020 मध्ये रूगरने मार्लिन विकत घेतली. 336 क्लासिक 2023 पासून पुन्हा मिळते, सिरियल नंबर आरएमने सुरू होतो. काम चोख आहे. दोन्ही कंपन्यांच्या नव्या रायफली हजार डॉलरच्या वरच जातात.

1980 च्या दशकापासून मार्लिनवर आडवं सेफ्टी बटण आहे. ते लावलेलं असताना चाप ओढला तर घोडा पडतो, टक् आवाज येतो आणि गोळी सुटत नाही. हरीण तेवढ्यावर निघून जातं. जागेवर बसल्याबरोबर बटणाची स्थिती बोटाने चाचपायची सवय लावा.

सेकंडहँड बघताना पाच डमी काडतुसं खिशात ठेवा. दुकानदाराला विचारून आधी सावकाश, मग जोरात सगळी फिरवा. घोडा पूर्ण मागे ओढून अंगठ्याने पाठीमागून पुढे रेटा; पडला तर रायफल तिथेच ठेवा. स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या दिसल्या, तर कुणीतरी चुकीच्या हत्याराने आत हात घातला आहे.

काडतूस

नळकांड्यात एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर, टेकलेलं असतं. म्हणून टोकदार गोळी इथे चालत नाही. चपट्या टोकाचीच हवी. हॉर्नेडी कंपनीच्या लिव्हरेव्होल्यूशन काडतुसाला मऊ लवचीक टोक आहे, तेवढा अपवाद. 150 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुमारे 2,390 फूट प्रति सेकंद, 170 ग्रेन 2,200. हे आकडे 24 इंची नळीचे, 20 इंचीत थोडे कमी. 100 यार्डांवर नेम बसवलेली 170 ग्रेनची गोळी 200 यार्डांवर सुमारे 8 इंच खाली जाते. म्हणून 150 यार्ड ही हद्द माना. शेताच्या टोकावरून 250 यार्डांवर मारायचं असेल, तर बोल्ट-अ‍ॅक्शनच घ्या.

राज्याचा नियम आधी वाचा. ओहायोत हरणासाठी सरळ भिंतीचंच काडतूस चालतं. थर्टी-थर्टीची मान आखडलेली असते, म्हणून ते तिथे बाद. तिथल्यांनी मार्लिनच्याच 1895 मध्ये फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी किंवा 1894 मध्ये फॉर्टीफोर मॅग्नम बघावं. मार्लिनच्या त्या 1894 ला विंचेस्टर 94 समजू नका. नावं सारखी, रायफली वेगळ्या.

स्कोप लावणार आणि स्वतः साफ करणार असाल, तर जेएम ठशाची किंवा रूगरची 336 घ्या. पायी फिरून साध्या साइटवर शिकार करणार असाल, तर 64 पूर्वीची 94 शोधा. नवीच हवी असेल तर मिरोकूची. पेनसिल्व्हेनियात जाताना डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच फ्लूरोसंट नारिंगी अंगावर असू द्या, आणि गाडीत बसण्याआधी नळकांडंसुद्धा रिकामं करा.