कर्ज देणारा आधी पैसे मागत असेल तर फोन ठेवा : कुत्रीच्या ऑपरेशनच्या नावावर माझे ८,४२९ रुपये गेले

आधी आकडे सांगते, म्हणजे मी मोघम बोलते असं कुणाला वाटायला नको. प्रोसेसिंग फी ९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,१७९. कर्जाचा विमा २,४५०. 'चुकलेला' खाते क्रमांक दुरुस्त करायचे ४,८००. मिळून ८,४२९ रुपये एका संध्याकाळी यूपीआयवरून गेले. मी ब्लाउज शिवते. एवढे पैसे उभे करायला किती रात्री मशीनवर बसावं लागतं, ते शिलाईकाम करणाऱ्या बायकांना सांगायला नको.

आमची राणी आठ वर्षांची, शेतातल्या आखाड्यावर जन्मलेली गावठी कुत्री. माजावर येऊन गेल्यावर महिनाभराने ती सारखं पाणी प्यायला लागली, भाकरीला तोंड लावेना, मग ओकाऱ्या आणि पोट फुगलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी नव्हती. लातूरला खासगी डॉक्टरांकडे नेलं तर पायोमेट्रा निघाला, गर्भाशयात पू झालेला. गर्भाशय काढावंच लागतं आणि उशीर झाला तर विष रक्तात उतरतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. रक्ततपासणी, ऑपरेशन, सलाईन आणि ठेवून घेण्याचे मिळून २२,०००, त्यातले १०,००० आधी. डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी इंजेक्शन देऊन सलाईन लावलं आणि सकाळपर्यंत सोय करा म्हणाले.

खात्यावर ६,४०० होते. सोयाबीन घरात पडून. हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,८९२ आणि आडतीवर मागत होते चार हजारांच्या आसपास; खरेदी केंद्रावर नंबर लागलेला नव्हता. आमचे मालक ट्रक घेऊन पुण्याकडे गेलेले, ते तरी रस्त्यात काय करणार? भिशी त्या महिन्यात दुसरीची. ज्यांनी मला नंतर ऐकवलं की आधी घरच्यांना विचारायचं होतंस, त्यांना हे सगळं माहीत होतं.

मी तालुक्याच्या एका फेसबुक ग्रुपवर राणीचा फोटो टाकला, आजार लिहिला, खर्च लिहिला, खाली माझा नंबर दिला. हे अजिबात करू नका. नंबर तर नाहीच. या लोकांना अडलेला माणूस हवा असतो आणि आपण त्यांना नाव, गाव, आजार, लागणारी रक्कम सगळं आयतं देतो.

थोड्याच वेळात फोन आला. स्वच्छ मराठी, आवाज समंजस. "ताई, राणी आता कशी आहे? सलाईन चालू आहे ना?" दिवसभरात तिला नावाने विचारणारा तो पहिला माणूस होता. एका मोठ्या फायनान्स कंपनीचं नाव त्याने सांगितलं. पाळीव प्राण्यांच्या उपचारासाठी वेगळं कर्ज आहे, ४०,००० मिळतील, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बघत नाही, तासाभरात खात्यावर. ओळखपत्राचा फोटो आला, मंजुरीचं पत्र आलं, त्यावर गोल शिक्का, माझं नाव बरोबर, हप्तासुद्धा मांडून दिलेला. आधार, पॅन आणि पासबुकाचा फोटो मी पाठवला. सरकारी योजनेचा फॉर्म भरतानाही हेच कागद देतो, मग शंका कशी यावी?

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. फीसाठी त्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन केला की पिन टाकायच्या आधी पडद्यावर समोरच्या खात्याचं नाव येतं. तिथं कंपनीचं नाव नव्हतं. एका बाईचं नाव होतं, नाव आणि आडनाव, बस. मी ते वाचलं. नीट वाचलं. आणि त्याला विचारलंसुद्धा, की ही कोण? तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "अकाउंट विभागाच्या मॅडम आहेत ताई, फी त्यांच्याकडे जमा होते, कर्ज कंपनीच्या खात्यातूनच येणार." दवाखान्याच्या बाकड्यावर मी बसलेली, मांडीवर राणीचं डोकं, सलाईनची सुई निघू नये म्हणून एका हाताने तिचा पाय धरलेला, दुसऱ्या हातात फोन. अशा वेळी माणूस उत्तर पारखत बसत नाही, उत्तर मिळालं एवढंच त्याला पुरतं. पण नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं, हे खरं. विम्याचे २,४५० भरताना तर तिथं भलत्याच माणसाचं नाव आलं.

मग तो म्हणाला की रक्कम सोडली होती पण खाते क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले, म्हणून रिझर्व्ह बँकेने अडवली. ४,८०० भरा, कर्जासोबत परत मिळतील. पासबुकाचा फोटो माझ्याच मोबाइलमध्ये होता, त्यात आकडे बरोबर. मंजुरीच्या पत्रावर उलटे. म्हणजे चूक त्यांनीच मुद्दाम घातलेली. मी तसं म्हटल्यावर तो पहिल्यांदा आवाज चढवून बोलला : फाइल बंद केली तर आधीचेही बुडतील. ३,६२९ आधीच अडकलेले. मी शेजारच्या वहिनींकडून २,५०० मागवून घेतले आणि भरले. खात्यावर ४७१ उरले.

त्यानंतर त्याने ७,२०० मागितले, एनओसी म्हणजे ना-हरकत पत्रासाठी. सोबत रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र. ते दवाखान्यातल्या कंपाउंडरने पाहिलं आणि म्हणाला, ताई, आता एक रुपया देऊ नका, माझ्या मेव्हण्याचे असेच गेले.

रिझर्व्ह बँक कुणाचं कर्ज अडवून त्याच्याकडून फोनवर पैसे मागत नाही. सामान्य माणसाचं बचत खातं तिच्याकडे नसतंच. खरी कंपनी ऑनलाइन कर्ज देते तेव्हा सगळा खर्च आधी कागदावर लिहून देते आणि पैसे तिच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात येतात. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. हे मला आता माहीत आहे.

सकाळी कानातली फुलं सराफाकडे ठेवून १५,००० घेतले. लातूरच्या डॉक्टरांनीच उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना सुचवला. तिथं ऑपरेशन झालं, खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी आला. परभणीलाही असं महाविद्यालय आहे. आपल्या भागातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? मला नव्हतं. राणी वाचली. पण गर्भाशय फुटायच्या बेतात होतं आणि अख्खी रात्र त्या हरामखोरांनी खाल्ली. आठ हजारांपेक्षा मला त्या रात्रीचा जास्त राग आहे.

आणि पोलीस ठाण्याचा. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे १९३०, त्यावर फोन केला होता, तक्रार क्रमांक मिळाला, तो आणि तिन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट छापून घेऊन मी ठाण्यात गेले. अंमलदाराने कागद न बघता विचारलं, "कुत्र्यापायी कर्ज काढायलाव का तुम्ही?" शेजारचा हसला. म्हशीसाठी काढलं असतं तर हसले असते का? आणि मी कशासाठी काढलं याच्याशी यांचं काय देणंघेणं? चोरी झाली ती झाली. मग रक्कम ऐकून म्हणाले, इथं लाखालाखाची प्रकरणं पडलीत, तुम्ही जिल्ह्याला सायबरकडे जा. जिल्ह्याला गेले तर ते म्हणाले, एवढ्या रकमेचा गुन्हा स्थानिक ठाण्यातच. परत ठाण्यात आले तर साहेब बंदोबस्तावर. अर्ज घ्या आणि पोच द्या एवढं मागत होते, तर पोच द्यायला शिक्का सापडेना. हद्दीचं कारण सांगून कुणालाही परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो, हे आता कायद्यात लिहिलेलं आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये. मी ते कलम कागदावर लिहून नेलं तेव्हा कुठे अर्ज आत गेला. त्याआधी माझ्या तोंडच्या शब्दाला किंमत नव्हती.

बँक तर त्याहून वर. "पिन तुम्हीच टाकला ना मॅडम?" हे एक वाक्य प्रत्येक टेबलावर ऐकलं. तिसऱ्या खात्यात २,१३० रुपये गोठवले गेले आहेत, १९३० वर लगेच फोन केल्यामुळे. ते परत कधी? म्हणे कोर्टाचा आदेश आणा. दोन हजारांसाठी वकील लावू का मी?

तुमचं असं झालंच तर घरात रडत बसू नका, पहिल्यांदा १९३०. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, मिनिटं मोजावीत अशी ती वेळ असते. नातेवाइकांची बोलणी नंतर खा. चॅट डिलीट करू नका, लाजेने तर मुळीच नाही. आधार-पॅन गेलं असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि आपल्या नावावर कुठं कर्ज निघालंय का ते बघत राहा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. 'सिबिल बघत नाही' हे ऐकलं की तिथंच फोन कट.

आणि कुत्री पाळत असाल, पिल्लं नको असतील, तर वेळेत नसबंदी करून घ्या. पायोमेट्रा बहुतेक न केलेल्या कुत्रीलाच होतो. माज संपल्यावर जास्त पाणी प्यायला लागली तर वाट बघू नका. मला कुणी आधी सांगितलं असतं तर ही वेळ आलीच नसती.

परवा त्याच ग्रुपवर एका माणसाने पाय मोडलेल्या कालवडीचा फोटो टाकून मदत मागितली. खाली पहिलीच कमेंट एका 'पशुप्रेमी कर्ज सल्लागारा'ची : मेसेज करा, तासाभरात काम होईल. मी तिच्याखाली माझ्या तिन्ही पावत्या टाकल्या, पैसे ज्यांच्या खात्यात गेले ती नावं झाकून, आणि त्या माणसाला स्वतः फोन केला. तोपर्यंत त्याने ९९९ रुपये भरले होते. विम्याचे भरायच्या आधी थांबला.