स्प्लेंडरचा कडक क्लच: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, २००१ ची, आबांनी घेतलेली. ९७.२ सीसीच्या या इंजिनाचा क्लच म्हणजे खरं तर दोन बोटांचं काम. आमच्या गाडीला मात्र गेल्या उन्हाळ्यात चारही बोटं लावून वर दात-ओठ खावे लागत होते. कोल्हापुरातल्या फुलेवाडीतून शिरोली एमआयडीसी, म्हणजे रंकाळा, मग गावातली गर्दी, दसरा चौकातला सिग्नल, पुढं तावडे हॉटेल. कामावर पोचेपर्यंत डावा अंगठा बधिर व्हायचा. आबांनी तर गाडीला हात लावायचंच सोडलं होतं.

एका मेस्त्रीनं लिव्हर दोनदा दाबून बघितला नि म्हणाला, "भावा, प्लेटा गेल्यात. साईड उघडाय लागंल." हे मला पटेना. प्लेटा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकाकडं नेणाऱ्या क्लचमधल्या चकत्या, घासल्या की क्लच घसरतो. इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही. माझी गाडी डबलसीट जोतिबाचा चढ मुकाट चढत होती. आणि क्लचच्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या की ढिल्या पडतात, कडक होत नाहीत. म्हणजे कुठंतरी नुसतं घर्षण वाढलंय, एवढं नक्की.

एवढं कळूनही पहिला उद्योग मी चुकीचाच केला. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं जाऊन इंजिनवरचा क्लचचा आर्म, म्हणजे केबल ज्याला ओढते तो छोटा दांडा, लांब करून घेतला. तो बिचारा सांगत होता, "हलका करून देतो, पण क्लच पुरता सुटंल का ते तू बघ." क्लच हलका झाला, अगदी लोण्यासारखा. पण आर्म जेवढा लांब, तेवढा तो त्याच ओढीत कमी फिरतो. लांबी एक तृतीयांशानं वाढवली की जोर पाऊणपट लागतो आणि आतल्या प्लेटाही पाऊणपटच उचलतात. सिग्नलला क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढं रेटायला लागली, न्यूट्रल सापडेना, पहिला गियर टाकला की 'खट्ट'. चौथ्या दिवशी जुना आर्म परत बसवला. बाजारात 'हलका क्लच' म्हणून मिळणाऱ्या लिव्हरांचंही गणित बहुतेक वेळा हेच असतं, म्हणून त्या वाटेला मी गेलो नाही.

मग एका रविवारी जे पहिल्यांदा करायला पाहिजे होतं ते केलं. केबल खालून, इंजिनकडून सोडवली आणि नुसता लिव्हर ओढून बघितला. खाली काहीच जोडलेलं नसताना मोकळी तार सुद्धा खरखरत, अडखळत सरकत होती. आर्म पान्यानं हळूच ढकलून बघितला, तर स्प्रिंगचा जोर वगळता तो गुळगुळीत फिरत होता. म्हणजे इंजिन निर्दोष. केबल काढून दाराच्या खिळ्याला टांगली, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचं नरसाळं दोऱ्यानं आवळलं आणि त्यात पातळ ऑईल ओतलं. सकाळी खाली कागदावर फक्त दोन तपकिरी थेंब, म्हणजे ऑईल आत कुठंतरी अडत होतं.

हॅक्सॉनं केबल कापली तेव्हा खरा प्रकार दिसला. हेडलाईटमागं जिथं केबल वळते, बरोबर तिथंच आतल्या नायलॉनच्या नळीला तारेनं चर पाडला होता आणि पुढची बोटभर तार गंजून लाल झाली होती. आता आठवलं: दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं उंच हँडल बसवलं, केबल मात्र तीच, जुन्या लांबीची. ती ताणली जाऊ नये म्हणून हेडलाईट आणि फोर्कच्या मधून कोंबली होती आणि वर टायनं आवळलीही होती. दोष माझ्याच हौसेचा.

नायलॉन लायनरची नवी केबल दोनशेच्या आत मिळाली. जुनं हँडल परत लावलं, केबल मोठ्या वळणानं नेली, टाय ढिला ठेवला. लिव्हरच्या बोल्टचा नट कुणीतरी कचकून आवळला होता, तोही लिव्हर आपोआप परत येईल इतपत सैल केला. वरच्या निपलला, म्हणजे तारेच्या टोकाच्या गोळ्याला, ग्रीसचा ठिपका लावला, कारण निपल लिव्हरमध्ये फिरला नाही तर तार तिथंच तुटते. प्ले, म्हणजे तार ताणायच्या आधीची लिव्हरची मोकळी हालचाल, लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर. शेवटी हँडल डावीकडं-उजवीकडं पूर्ण फिरवून बघितलं. प्ले बदलला तर केबल अजून कुठंतरी अडते असं समजायचं.

हे जूनमधलं. पंधरा दिवसांत नवी केबल थोडी ताणून बसली आणि प्ले वाढला, तेव्हा एकदा खालच्या नटावर जमवून घेतला. नंतर हात लावलेला नाही. पावसाळा चांगला गेला, फक्त आर्मच्या बुडाशी चिखल साठतो तो महिन्यातून एकदा धुवून ऑईल लावतो. खरी परीक्षा नोव्हेंबरनंतर झाली. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की फुलेवाडीच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांमागं पहिला, दुसरा, परत पहिला, असं अर्धा-अर्धा तास चालतं. मनगट दुखलं नाही. आबा आता सकाळी डेअरीला गाडी घेऊन जातात, आणि टाकी रिकामी करून आणतात.

सगळंच सुटलं असं नाही. थंडीत सकाळी पहिला गियर अजून 'खट्ट' करतो. रात्रभर प्लेटा ऑईलनं एकमेकींना चिकटतात, म्हणून क्लच दाबून दोन रिकाम्या किका मारतो. आणि केबलच्या वरच्या टोकाची रबरी टोपी पावसात फाटली. तशी सुटी टोपी कुठं मिळेना, सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलाय.