जड गाडी, हलकी गाडी आणि मधला डिफरन्स

मोठी ॲडव्हेंचर बाईक देऊन हलकी घ्यायचं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या ओळखीतले बरेच जण सध्या याच वाटेवर आहेत. हौसेनं सहाशे-आठशे सीसीची गाडी घेतली, लडाख-स्पिती झालं, आता कंबर आणि गुडघे बोलायला लागले. जुन्या गाड्यांच्या दुकानदारांनाही हे बरोबर कळलंय. ‘मोठी आम्हाला द्या, छोटी घेऊन जा, वरचे पैसे खात्यात’ असं आमंत्रण असतं. त्या वरच्या पैशांतच सगळी गोम आहे.

माझ्याकडे सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ६५० होती, २०१९ ची. टाकी भरलेली धरून २१६ किलो, वर दोन्ही बाजूंच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि सामान. हायवेवर तिला तोड नाही. पण जुलैमध्ये वरंधा घाटाच्या खालच्या अंगाला चिखलात ती आडवी झाली, की दुसरा माणूस येईपर्यंत शेजारी उभं राहायचं, एवढंच आपल्या हातात उरतं. म्हणून हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही घ्यायचं ठरवलं. ती १६० किलोच्या आत बसते. सीटच्या उंचीत म्हणाल तर फार फरक नाही, ८३५ मिलिमीटरच्या जागी ८२५. माणूस दमतो तो वजनानं.

मोठ्या गाडीला गिऱ्हाईक कमी, हे खरंच आहे. त्यात ते मॉडेल कंपनीनं इथे बंद केलेलं. ज्यांनी घ्यायची त्यांना नवीन हवी असते आणि बाकीचे नुसतं फोटो काढून, स्टार्ट करून बघून जातात. मी हायवेलगतच्या ज्या दुकानात गेलो, तिथल्या दुकानदारानं नेमकं तेच बोलून दाखवलं. ‘सर, ही गाडी तुम्ही स्वतः विकायला गेलात तर सहा महिने टायरमध्ये हवाच भरत बसाल.’ दुकान चांगलं मोठं होतं. ओळीनं लावलेल्या गाड्या, आत एसी केबिन, भिंतीवर गणपतीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेलं शॉप ॲक्टचं लायसन आणि जीएसटीचं सर्टिफिकेट. जे सर्टिफिकेट तिथे असायला हवं होतं ते नव्हतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

सौदा असा ठरला. माझी गाडी ५ लाख १० हजारांना, त्याच्याकडची एक्सपल्स १ लाख १५ हजारांना. म्हणजे तो मला ३ लाख ९५ हजार देणं लागत होता. त्यातले ५० हजार तिथल्या तिथे यूपीआयनं आले. उरलेल्या ३ लाख ४५ हजारांचा चेक दिला, तारीख न टाकता. ‘माझी पार्टी तयार आहे सर, आठवड्यात पेमेंट येतं, आलं की मी फोन करतो, तारीख टाका आणि भरा.’ गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर माझ्या सह्या घेतल्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. आपल्याकडे जुन्या गाड्यांचे बरेच व्यवहार असेच होतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही आणि दुकानदार नेमका याच सवयीवर जगतो.

एक्सपल्सचा नंबर मी ॲपवर टाकून बघितला होता. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं, विमा चालू, पीयूसी चालू, पण फायनान्सचा बोजा दिसत होता. विचारल्यावर त्यानं मोबाईलवर फायनान्स कंपनीच्या लेटरहेडवरची एनओसी दाखवली. ‘कर्ज फिटलंय, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आलाय, आरटीओत चढवायचं काम एजंटकडे चालू आहे.’ हे ऐकायला पटण्यासारखं असतं, कारण कर्ज फेडून वर्षानुवर्षं बोजा न उतरवणारे लोक ढिगानं आहेत. पुढे त्या कंपनीच्या शाखेत ते पत्र दाखवलं तेव्हा समजलं, की त्यावरचा खाते क्रमांक भलत्याच माणसाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाचा आहे.

पहिला झटका बसला तो माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे. मीटरवर नऊ हजार किलोमीटर होते. त्यानं गाडी स्टँडवर घेतली, मागचं चाक हातानं फिरवलं आणि चेनवर बोट फिरवून मला विचारलं, ‘काका, नऊ हजारांत चेन-स्प्रॉकेट कोण बदलतं?’ सेट नवा कोरा होता. मग टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गाडी २०२२ ची आणि दोन्ही टायर २०२४ चे. फूटपेगचे रबर मात्र जुनेच राहिले होते, उजवीकडचा तर चपटा झालेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगितल्यावर शेवटच्या नोंदीत ३१ हजार किलोमीटर निघाले. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ‘मीटर वॉरंटीत बदललाय सर.’ बदललेल्या मीटरची नोंदही सर्व्हिस सेंटरकडे असते. तशी ती नव्हती.

तोवर हे प्रकरण मीटर मागे फिरवण्याइतकंच वाटत होतं. चेकचं विचारलं की ‘पार्टी फिरली, दुसरी बघतोय’, ‘पितृपक्ष चालू आहे, लोक गाडी घेत नाहीत’, ‘दसऱ्याला नक्की’ अशी चालढकल.

मग मोबाईलवर चलान आलं. आरसीवर नंबर माझा, त्यामुळे मेसेज मलाच येणार. विनाहेल्मेट, पुणे-कोल्हापूर रस्ता. फोटो उघडला तर माझीच व्ही-स्ट्रॉम. डाव्या पेटीवर स्पितीत पडलेला पोचासुद्धा ओळखू येत होता. वर अनोळखी तरुण, मागे आणखी एक. म्हणजे ‘अजून गिऱ्हाईक नाही’ असं मला सांगितलं जात होतं तेव्हा दुकानदार गाडी विकून, पैसे घेऊन मोकळा झालेला होता. तो फोटो मी लगेच उतरवून ठेवला, तारीख-वेळेसकट. पुढच्या सगळ्या भानगडीत माझ्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच ठरला.

फोन केल्यावर दुकानदार क्षणभरही गडबडला नाही. ‘टेस्ट राईडला दिली होती सर.’ कोल्हापूरपर्यंत टेस्ट राईड! आणि त्याच फोनवर पुढे म्हणतो, ‘ट्रान्सफरचं काम लावतोय, तुम्हाला एक ओटीपी येईल तेवढा सांगा.’ इथे त्याचा डाव फसला. कोऱ्या फॉर्मवर सही असली तरी अर्ज पुढे सरकवायला माझ्या मोबाईलवरचा ओटीपी लागत होता. तो मी दिला नाही. दिला असता तर गाडीवरचा माझा उरलासुरला हक्कही गेला असता आणि हातात तारीख नसलेला चेक राहिला असता.

त्यानंतर एका संध्याकाळी नगरचा एक मुलगा घर शोधत आला. दुकानानं डिलिव्हरीचा फोटो सोशल मीडियावर टाकला होता. मी, हार घातलेली एक्सपल्स आणि दुकानदाराचा हसरा चेहरा. नंबरप्लेट स्वच्छ दिसत होती. मुलगा दारातच म्हणाला, ‘काका, ही गाडी माझी आहे. मला एक रुपया मिळालेला नाही.’ त्यानं गाडी ‘पार्क अँड सेल’ला ठेवली होती. उरलेलं कर्ज दुकान फेडणार आणि वरचे पैसे त्याला देणार, असं ठरलेलं. कर्ज तसंच होतं, हप्ते थकले होते आणि वसुलीवाले त्याच्या आईला फोन करत होते. आम्ही चहा घेत एकमेकांच्या पावत्या टेबलावर मांडल्या तेव्हा धंद्याची रीत उलगडली. दुकानदारानं स्वतःच्या पैशानं एकही गाडी विकत घेतलेली नव्हती. मला दिलेले पन्नास हजार आणखी कुणाच्या तरी गाडीचे होते. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि अशा खेळात मोठ्या गाडीचा मालक सगळ्यात कामाचा, कारण त्याच्याकडून एका फटक्यात पाच लाख फिरवायला मिळतात.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’ हेच. एकेकट्यानं गेलात तर हेच ऐकाल. आम्ही त्या दुकानात गाडी दिलेले आणखी लोक शोधले, सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी दिले आणि पोच घेतली. ठाण्यात दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार वरिष्ठांकडे लेखी तक्रार करता येते. तशी केली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१६ खाली, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा त्यानंतर दाखल झाला. तोपर्यंत दुकानाचं शटर खाली आलं होतं.

चेकचं वेगळं. तारीख टाकून भरला, परत आला. परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेक परत येण्याबाबतचा कायदा) कलम १३८ आणि १४२ मधल्या या मुदती चुकवू नका. दुकानदाराच्या वकिलाचं उत्तर आलं, की चेक फक्त तारण म्हणून दिला होता, गाडी विकली गेलेलीच नाही. तिथे चलानचा फोटो उपयोगी पडला.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. गाडी देऊन टाकली, पावतीवर ‘यापुढील अपघात-दंडाची जबाबदारी घेणाऱ्याची’ असं लिहून घेतलं, की आपण सुटलो असं वाटतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय, की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून परक्याच्या ताब्यातल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा मी माझ्या खिशातून भरला. संताप आला, पण त्या दोन पोरांनी कुणाला उडवलं असतं तर दावा माझ्यावर आला असता.

आता त्या भिंतीवर नसलेल्या सर्टिफिकेटचं. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळी तरतूद आहे. डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र लागतं. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी भरून ऑनलाइन कळवायचं असतं आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी कायद्यानं डीलरवर जाते. अधिकारपत्र मागा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर आलं तर दुकान कितीही चकचकीत असो, गाडी तिथे ठेवू नका. शॉप ॲक्टचं लायसन पानटपरीवाल्यालाही मिळतं.

मागच्या महिन्यात एका मित्रानं आपली बेनेली देऊन जुनी हिमालयन ४११ घेतली. (१९९ किलोच्या गाडीला हलकी म्हणायचं की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही.) त्यानं विक्री आणि खरेदी एकमेकांत मिसळू दिली नाही. आधी बेनेली विकली, पूर्ण पैसे खात्यात जमा झालेले बघितले, मगच ओटीपी दिला. हिमालयनवर कर्ज होतं, तर मूळ मालकाला घेऊन थेट फायनान्सच्या शाखेत गेला, उरलेली रक्कम कर्जखात्यातच भरली, बाकीची मालकाला दिली आणि एनओसी शाखेतून स्वतःच्या हातात घेतली. किलोमीटरची खात्री त्यानं सौद्याआधीच सर्व्हिस सेंटरमधून करून घेतली होती. मालक थोडा वैतागला होता म्हणे, ‘एवढा अविश्वास?’ असं. वैतागू दे.

माझ्या बाजूची स्थिती अशी. एक्सपल्स नगरच्या मुलाकडे परत गेली, कर्ज तो फेडतोय. व्ही-स्ट्रॉम मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात पावसात उभी आहे. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, ती मिळावी म्हणून मी अर्ज केलाय आणि दुकानदाराकडून ती विकत घेतलेल्या कोल्हापूरच्या माणसानंही. त्यानं पूर्ण पैसे मोजले होते, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. चेकच्या केसला तारखा पडताहेत.

तुमची गाडी अशी कुठल्या दुकानात विकायला ठेवलेली असेल तर आजच तिचा नंबर ई-चलानच्या साईटवर टाकून बघा, विम्याची तारीख तपासा, आणि पैसे आलेले नसतील तर ट्रान्सफर करू नये असा लेखी अर्ज आरटीओत देऊन त्याची पोच घ्या.