पिंगशीचे उडते कंदील: उत्सवाची रात्र की शिफेनमधील आडवारची संध्याकाळ?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तैवानमध्ये राहणाऱ्या आणि कॅमेरा बाळगणाऱ्या मराठी माणसाला वर्षाच्या सुरुवातीला एक निर्णय घ्यावा लागतो. तायपेईच्या पूर्वेकडील डोंगरात असलेल्या पिंगशी भागात 1999 पासून उडत्या कंदिलांचा उत्सव भरतो. मात्र त्याच भागातील शिफेन या गावात असे कंदील वर्षभर, अगदी आडवारीही सोडले जातात. छायाचित्रांसाठी उत्सवाच्या गर्दीत शिरावे, की एखादी साधी संध्याकाळ निवडावी? कंदील दोन्हीकडे सारखेच असले, तरी हाती लागणारी छायाचित्रे फार वेगळी असतात.

उत्सव चिनी चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्यातील पौर्णिमेला बांधलेला आहे. आपल्या पंचांगात ही पौर्णिमा कधी माघात येते, तर कधी फाल्गुनात: 2024 मध्ये ती 24 फेब्रुवारीला, म्हणजे माघी पौर्णिमेला आली होती, तर 2026 मध्ये 3 मार्चला, म्हणजे फाल्गुनी पौर्णिमेला आली. कंदिलांच्या मागे पूर्ण चंद्र मिळेल, अशी आशा यामुळे वाटते, परंतु दरीच्या दोन्ही अंगांना डोंगर आहेत आणि हिवाळ्यात ईशान्येकडून येणारे वारे उत्तर तैवानवर ढग आणि पाऊस आणतात. पिंगशी हा तर पावसासाठीच प्रसिद्ध असलेला भाग आहे. उत्सवाची तारीख आपल्याला बदलता येत नाही, साधी संध्याकाळ मात्र हवामानाचा अंदाज पाहून ठरवता येते. रिमझिम पावसातही कंदील उडतात, हे खरे. पण उत्सवाच्या गर्दीत पावसाबरोबर छत्र्या उघडतात आणि पुढे उभ्या असलेल्यांच्या छत्र्यांनी निम्मे आकाश झाकले जाते.

उत्सवाच्या रात्रीचे बळ सामूहिक उड्डाणात आहे. शंभराहून अधिक कंदील एकाच वेळी सुटतात, मग काही वेळ थांबून पुढची फेरी होते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने प्रत्येक फेरीतला मोलाचा काळ फार थोडा असतो. कंदील हातातून सुटून डोक्यांच्या थोडे वर येतात, तेव्हा पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत त्यांच्या उजेडाने खालची सारी गर्दी, वर वळलेले चेहरे आणि उंचावलेले हात एकाच रंगात न्हाऊन निघतात. त्यानंतर कंदील वर जाऊन ठिपके होतात, खाली काळोख पसरतो आणि चित्रातील माणसे नाहीशी होतात. फोनच्या पडद्यावर वर गेलेले ठिपकेही सुंदर दिसतात, पण अशी छायाचित्रे हजारोंनी निघतात. त्यामुळे उत्सवाला जायचेच असेल, तर फेरी सुरू होण्यापूर्वीच चौकट ठरवून, फोकस आणि एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) हाताने लावून तयार राहावे. 24 मिलिमीटरच्या आसपासची रुंद लेन्स, एफ 2.8 चे छिद्र, 1/100 सेकंदाचा शटर आणि आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) 1600 ते 3200 ही सुरुवात चांगली ठरते. फोनवालेही पडद्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर अडवून ठेवू शकतात आणि त्यांनी ते अवश्य करावे, कारण तसे केले नाही तर फोन काळ्या आकाशाकडे पाहून चित्र उजळवतो आणि कंदिलांचा कागद पांढराफटक येतो.

ट्रायपॉडचा मोह टाळावा. त्या दाटीत त्याचे पाय कुणाच्या तरी पायात येतात. दोन-चार सेकंदांच्या एक्स्पोजरमधील प्रकाशरेषा हव्या असतील, तर उत्सवाच्या मैदानापासून दूर, उंचावर जागा शोधावी लागते आणि ती जागा दुपारीच धरावी लागते. परतीची रांग हा या रात्रीचा सर्वांत कठीण भाग आहे. त्या दिवशी गर्दीसाठी खास बसगाड्या असल्या, तरी लहान मूल किंवा वयस्कर आईवडील बरोबर असल्यास हा विचार आधी करावा.

शिफेनची साधी संध्याकाळ मला अधिक मोलाची वाटते आणि त्याचे कारण गर्दी कमी असणे एवढेच नाही. येथे संधी पुन्हा पुन्हा येते. जुन्या बाजारपेठेच्या मधोमध, दुकानांच्या उंबऱ्यांना जवळजवळ खेटून, 1921 मध्ये कोळशासाठी बांधलेल्या पिंगशी मार्गाचे रूळ जातात. चौकटीला टांगलेल्या कंदिलाच्या चारही बाजूंवर एखादे कुटुंब ब्रशने आपल्या इच्छा लिहिते, कुणी परीक्षेसाठी, कुणी आजीच्या तब्येतीसाठी. मग दुकानातील माणूस कंदील रुळांवर आणतो, एकेक बाजू कॅमेऱ्याकडे फिरवून ग्राहकांच्याच फोनवर त्यांचे फोटो काढतो आणि शेवटी तळाशी बांधलेला तेलात भिजवलेला कागद पेटवतो. त्या क्षणी कंदील आतून उजळतो, लिहिलेली अक्षरे गडद होऊन उठून दिसतात आणि खालच्या तोंडातून येणारा उजेड धरणाऱ्यांच्या हातांवर व हनुवटीवर पडतो. कागद गरम हवेने फुगून हातांना वर ओढू लागेपर्यंत काही सेकंद सगळे स्तब्ध असतात. हाच तो फोटो आहे. हुकला, तर थोड्याच वेळात पुढचे कुटुंब उभे राहते.

यासाठी 35 किंवा 50 मिलिमीटरची एफ 1.8 लेन्स, 1/200 सेकंद आणि आयएसओ 3200 च्या आसपास पुरते. लाल कंदिलांबाबत मात्र सावध असावे: एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख, निर्धोक दिसत असतानाच लाल रंगाचा तपशील करपून गेलेला असतो, म्हणून एक्स्पोजर एक पायरी कमी ठेवावे आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात चित्रे घ्यावीत. पांढऱ्या व पिवळ्या कागदातून चेहऱ्यांवर पडणारा उजेड अधिक नैसर्गिक येतो. सूर्यास्तानंतरचा अर्धा तास, आकाश निळे असताना, सर्वांत फलदायी असतो. रुईफांगहून येणारी गाडी साधारण तासाला एक असते. ती येताना शिटी ऐकू येताच रूळ सोडावेत. कुणाच्या खासगी इच्छा जवळून टिपायच्या असतील, तर आधी विचारावे. मान डोलावून परवानगी देणारेच बहुतेक भेटतात.

उपलब्ध दिवस एकच असेल, तर मी शिफेनचा आडवार निवडेन. दोन दिवस असतील, तर आधी शिफेन आणि मग उत्सव, कारण कंदिलाचा उजेड किती आणि कसा पडतो, हे शिफेनला एकदा पाहिले की उत्सवातील ते दहा-पंधरा सेकंद वाया जात नाहीत. ज्यांना माणसांपेक्षा आकाशच हवे आहे, त्यांनी मात्र थेट उत्सवाला जावे. आडवारी शिफेनमध्ये आकाश कधीच भरत नाही.

दरवर्षी वेगळ्या शहरात भरणारा आणि 1990 मध्ये सुरू झालेला तैवान कंदील महोत्सव हा तिसरा पर्याय आहे. 2024 मध्ये तो ताइनानला आणि 2025 मध्ये ताओयुआनला झाला. तेथील कंदील जमिनीवरचे, विजेचे आणि भव्य असतात, तो अनेक दिवस चालतो, जागा मोकळी असते आणि लहान मुलांना घेऊन जाण्यास तो सर्वांत सोयीचा आहे. तेथे फक्त एवढे ध्यानात ठेवावे की तैवानमधील वीज 60 हर्ट्झची आहे, त्यामुळे भारतात लावून ठेवलेला 1/50 किंवा 1/100 चा शटर बदलून 1/60 किंवा 1/125 करावा. नाहीतर एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याने चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात.